पिलाची आई कोठे आहे?

'घरगुती' या शब्दाला आपल्या बाजारात मोठे वजन आहे. घरगुती लोणचे, घरगुती पापड, घरगुती खाणावळ, इतकेच काय, घरगुती शिकवणीदेखील. कारखान्यात वा दुकानात न मिळणारी काळजी आणि स्वच्छता या एका शब्दात गृहीत धरलेली असते आणि ग्राहक तिच्यासाठी दोन पैसे अधिक मोजावयास तयार असतो. अलीकडे या यादीत आणखी एका 'मालाची' भर पडली आहे. लोअर परळमधील गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकांवर आणि रहिवाशांच्या मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत 'घरी जन्मलेली शिह त्झूची पिल्ले द्यावयाची आहेत' अशा धर्तीचा मजकूर आता नवलाचा राहिलेला नाही. त्यातील 'घरी जन्मलेली' हे शब्द उगाच आलेले नसतात. निम्मी किंमत त्या शब्दांचीच असते.

लोणच्याची परीक्षा जिभेवर तत्काळ होते. पिलाची होत नाही. ते रोगी असल्याचे कळावयास आठवडा लागतो, गुडघ्याची वाटी सरकणारी असल्याचे कळावयास वर्ष, आणि स्वभावाने भेदरट अथवा चावरे असल्याचे कळेपर्यंत घरातील मुलांनी त्याचे नाव ठेवून तो घरचाच एक झालेला असतो. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की लहान जातींच्या कुत्र्यांची पैदास व्हावयाचीच असेल, तर तिला घरासारखी दुसरी जागा नाही. परंतु त्या घरात कोणाचे शरीर आणि कोणाचे श्रम खर्ची पडतात आणि त्या खर्चाचा हिशोब कोण ठेवतो, हे विचारल्यावाचून 'घरगुती' हा शब्द वापरण्याचा अधिकार कोणासही नसावा.

कुत्रा गिरणगावाला नवा नाही. चाळीच्या भिंतीवरील दत्तात्रेयाच्या तसबिरीत चार कुत्री प्रभूच्या पायाशी असतात. जेजुरीच्या खंडोबाबरोबरही कुत्रा असतोच. मात्र तसबिरीतील हा मान उंबऱ्याच्या आत येत नसे. ना. म. जोशी मार्गावरील, म्हणजे जुन्या डिलाइल रोडवरील, बी.डी.डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात एक कुटुंब, गावाहून आलेले दोघे-तिघे आणि रात्रपाळीहून परतलेल्या कामगाराची दिवसाची झोप, एवढे सारे मावावयाचे. तेथे कुत्रा असे तो आवाराचा, साऱ्या चाळीचा. त्याला चार घरांतून भाकरीचा तुकडा मिळे आणि त्याचा धनी कोणीच नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या ओसरत गेल्या, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्यांच्या जमिनींना नवा मार्ग दाखवला आणि भोंग्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. चाळींच्याही जागी आता पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरे ठरलेली आहेत. दार लावून घेता येईल असे घर मिळाले, घरात मूल एकच राहिले, आणि आवारातील सामायिक कुत्र्याच्या जागी बंद सदनिकेतला खाजगी कुत्रा आला. तो लहान चणीचा असणे ओघानेच आले.

तो कोणत्या जातीचा असावा, हे मात्र कुटुंब ठरवीत नाही, जाहिरात ठरवते. विसाव्या शतकाच्या अखेरीस मध्यमवर्गीय घरातला पांढरा, झुपकेदार शेपटीचा कुत्रा म्हणजे 'पामेरियन', वस्तुतः भारतीय स्पिट्झ. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातील टफीने त्याला थेट दिवाणखान्यात नेऊन बसविले. २००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलामागून चालणारा पग आला, आणि दूरध्वनीचे जाळे ग्राहकाची पाठ सोडत नाही एवढेच सुचविण्यासाठी योजिलेल्या त्या प्राण्याला देशभर मागणी आली. पुढे हच व्होडाफोनमध्ये विलीन झाली आणि त्या कंपनीचे मुख्य कार्यालय बरीच वर्षे लोअर परळातच, गणपतराव कदम मार्गावर, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या संकुलात होते. हा केवळ योगायोग. तथापि कापडाऐवजी हौस विणणारा हा नवा परळ समजून घेण्यास तो उपयोगी पडतो.

मागणी एका जाहिरातीने वाढते. पुरवठ्याचे तसे नाही. मादी वर्षातून साधारणतः दोनदा माजावर येते, गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा, आणि लहान जातींत एका विणीत पिल्ले थोडीच होतात. नवी मादी पैदाशीयोग्य व्हावयास दीड वर्ष तरी जावे लागते. म्हणजे अल्पकाळात पुरवठा वाढवावयाचा तर मार्ग तीनच उरतात: आहे त्या मादीला दर माजाला जोड लावणे, अर्धवट वाढलेल्या मादीला जोड लावणे, आणि बाहेरचा नर न मिळाल्यास भावंडांत वा बापलेकीत जोड लावणे. तिन्ही मार्ग आपल्याकडे चोखाळले गेले. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत डुकरांच्या पैदाशीचे चक्र शिकविले जाते. भाव चढला की सारे पैदास वाढवितात, माल बाजारात येतो तोवर भाव उतरतो. डुकराच्या बाबतीत हे चक्र खाटकाकडे संपते. कुत्रे मात्र बारा-पंधरा वर्षे जगते. फॅशन ओसरल्यावर उरलेल्या जनावरांचे काय होते, ते स्पिट्झच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेत ज्यांना पाहावयाचे होते त्यांनी पाहिले आहे.

पगच्या बाबतीत प्रश्न आणखी गंभीर आहे. ज्या चपट्या तोंडासाठी तो विकत घेतला जातो तेच त्याचे व्यंग आहे. आखूड जबड्यात श्वासमार्ग कोंबलेला असतो. कुत्रा आपल्यासारखा अंगभर घाम गाळू शकत नाही. तो धापा टाकून शरीर थंड करतो, आणि ज्याला धड धाप टाकता येत नाही त्याला मे महिन्यातल्या मुंबईत आणून ठेवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. अशा जातींत डोके मोठे व कटी अरुंद असल्याने प्रसूतीसाठी शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रसंगही अधिक. नेदरलँड्सने २०१९ मध्ये नाकाडाच्या लांबीचे प्रमाणच ठरवून टाकले: कवटीच्या एकतृतीयांशाहून आखूड नाकाड असलेल्या कुत्र्यांची पैदास तेथे करता येत नाही. आपल्याकडे अद्याप 'किती गोड तोंड आहे' याच निकषावर व्यवहार चालतो.

येथे माहितीचा प्रश्न येतो. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहिला. त्या कामासाठी २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किंमतीत चांगली गाडी विकणे परवडत नाही म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि खटारे उरतात. पिलांचा बाजार याचे तंतोतंत उदाहरण आहे, फरक इतकाच की मोटारीला दुखत नाही. चांगल्या घरातील पैदासकार मादीची तपासणी करतो, पिलाला आठ आठवडे पोसतो, दोनदा जंताचे औषध देतो, पहिली लस टोचून घेतो. दलाल तीस-पस्तीस दिवसांचे पिलू आईपासून तोडून आणतो आणि त्याच्या लहानपणालाच 'टॉय' किंवा 'टी-कप' असे नाव देऊन वर जास्त पैसे मागतो. पिशवीत दोन्ही पिल्ले सारखीच दिसतात. किंमत एकच मिळणार असेल तर शहाणपण कोणत्या बाजूला, हे सांगावयास नोबेल पारितोषिक लागत नाही.

आणि मग पार्व्हो येतो. १९७८ च्या सुमारास जगाने ओळखलेला हा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस घेतो. म्हणजे विक्रीच्या दिवशी खेळणारे पिलू आठवड्याभरात रक्ती जुलाबाने मान टाकते. जवळच परळला, गिरणगाव ज्याला पिढ्यान्‌पिढ्या 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणत आला त्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात, नाहीतर महालक्ष्मीच्या टाटा ट्रस्ट्सच्या २०२४ साली सुरू झालेल्या प्राणी-रुग्णालयात धाव घेतली जाते. आपला भाग याबाबतीत भाग्यवान म्हटला पाहिजे: मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून परळातच आहे. परंतु उत्तम रुग्णालय हे वाईट पैदाशीवरचे उत्तर नव्हे. दूरध्वनीवरून पिलू विकणारा तोपर्यंत क्रमांक बदलून मोकळा झालेला असतो, आणि उपचाराचे बिल व मुलांचे रडणे दोन्ही घेणाऱ्याच्या पदरात पडतात.

या साऱ्या व्यवहारात खोटी करावयास सर्वांत अवघड अशी माहिती एकच आहे. ती म्हणजे पिलाची आई. वंशावळीचा कागद छापता येतो. खरा असला तरी तो कुळ सांगतो, प्रकृती सांगत नाही. लसीकरणाच्या पुस्तिकेवर शिक्का मारता येतो. परंतु स्वतःच्या अंथरुणावर, स्वतःच्या पिलांना पाजणारी, परक्या माणसाला पाहून शेपूट हलवणारी किंवा भेदरून कोपऱ्यात शिरणारी मादी उसनी आणता येत नाही. तिची कांती, तिचे दात, तिचा स्वभाव आणि ती ज्या जागेत राहते त्या जागेचा वास, एवढ्यावरून घेणाऱ्याला जे कळते ते दहा प्रमाणपत्रांवरून कळत नाही. घरगुती पैदाशीचे आर्थिक मोल, माझ्या मते, यातच आहे: तेथे आई दाखविता येते. आणि म्हणूनच जो 'तुम्ही कशाला येता, मीच स्टेशनवर आणून देतो' असे म्हणतो त्याच्या घरात घर नाही असे धरून चालावे.

घराचे दुसरे मोल स्वभावाचे. स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या दीर्घ संशोधनातून असे दिसले की पिलाच्या वयाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याचा जगाशी संबंध ठरवितो. या काळात जे ओळखीचे झाले ते आयुष्यभर ओळखीचे राहते. जे झाले नाही त्याची भीती राहते. आता लोअर परळच्या घराचा विचार करा. कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची घंटा, लिफ्टचे दार, शेजारच्या मुलांचा दंगा, पावसाळ्यात छत्री झटकणारा पाहुणा, आणि भाद्रपदात लालबागच्या दिशेने येणारा ढोलताशा. हे सारे ज्याच्या कानावर आईच्या कुशीत पडले ते पिलू पुढे गृहसंस्थेच्या सभेत तक्रारीचा विषय होण्याचा संभव कमी. पिंजऱ्यांच्या रांगेत वाढलेले पिलू हे शिक्षण घेऊन येत नाही आणि मग दिवसभर भुंकते. मुंबईत कुत्र्यांवरून भांडणे नवी नाहीत. १८३२ च्या जूनमध्ये रस्त्यावरची कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाजाने हरताळ पाळून शहर हादरवून सोडले होते. आजचे भांडण जिन्यात आणि लिफ्टमध्ये चालते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केले की गृहसंस्था सदस्यांना प्राणी पाळण्यास मनाई करू शकत नाही. हक्काचा निकाल त्याने लागला. शांततेचा निकाल त्या पिलाच्या पहिल्या बारा आठवड्यांत लागतो.

परंतु हे बारा आठवडे, किंबहुना त्याआधीचे नऊ, कोण काढतो? येथे आपला हिशोब हमखास चुकतो. 'घरच्या घरी चार पिल्ले झाली, सगळी विकली गेली, खर्च काहीच नाही' असे अभिमानाने सांगणारे गृहस्थ आपल्याला भेटतात. खर्च काहीच नाही? मादीची प्रसूती जवळ आली की तिच्या शरीराचे तापमान उतरते. म्हणून अखेरच्या आठवड्यात दिवसातून दोनदा ते मोजावे लागते. प्रसूती बहुधा रात्री सुरू होते. लहान जातीत एखादेच पिलू असेल तर ते मोठे वाढून अडते आणि मध्यरात्री शस्त्रक्रियेची व्यवस्था शोधावी लागते. जन्मलेले पिलू शे-दोनशे ग्रॅमचे, आंधळे, बहिरे, आणि पहिले दोन आठवडे स्वतःच्या अंगाची ऊब राखण्यास असमर्थ. त्याला पहिल्या दिवसातच आईचा चीक मिळाला पाहिजे, कारण रोगाशी लढण्याची पहिली शिदोरी त्यातच असते. ज्या खोलीत पंखा आणि वातानुकूलन कुटुंबासाठी चालू ठेवावे लागते त्याच खोलीत कोपऱ्यातील खोक्याचे तापमान तीस अंशांच्या आसपास टिकवावे लागते. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर प्रत्येक पिलू रोज तोलावे लागते. निरोगी पिलाचे वजन आठ-दहा दिवसांत जन्मवेळेच्या दुप्पट होते, आणि ज्याचे एक दिवसही वाढले नाही त्याच्याकडे त्याच दिवशी पाहावे लागते. आई पाजत नसेल तर दर दोन-तीन तासांनी बाटली. गाईचे दूध चालत नाही. डोळे उघडतात दहा ते चौदा दिवसांनी, आणि चौथ्या आठवड्यापासून चार पिलांची घाण दिवसातून किती वेळा पुसावी लागते ते पुसणाऱ्यालाच ठाऊक.

एक धोका तर प्रेमातूनच ओढवतो. लहान चणीच्या मादीला पिल्ले झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरून झटके येऊ शकतात. शिरेतून औषध तत्काळ न मिळाल्यास ती दगावते. हे ऐकून असलेले कुटुंब गाभणपणातच तिला कॅल्शियमची औषधे पाजू लागते. परिणाम उलटा होतो. बाहेरून आयते मिळू लागल्याने शरीराची स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढण्याची यंत्रणा मंदावते आणि ऐन गरजेच्या वेळी ती साथ देत नाही. आजीचा डिंकाचा लाडू सुनेला मानवला म्हणून मादीला मानवेल असे नाही. तिला पशुवैद्याने सांगितलेला आहार हवा, आणि पाजण्याच्या काळात तो नेहमीच्या दुप्पट-तिप्पटही लागतो.

हे सारे करते कोण? बहुतेक घरांत गृहिणी, किंवा निवृत्त आई-वडील. पिगूचा एक दाखला प्रसिद्ध आहे: घरकाम करणाऱ्या बाईशी मालकाने लग्न केले की काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. आम्ही तो वर्गात दरवर्षी सांगतो आणि मुले हसतात. घरगुती पैदाशीचा 'नफा' बव्हंशी याच जातीचा आहे. आठ आठवड्यांच्या जागरणाचे मूल्य शून्य धरले म्हणून तो नफा दिसतो. ते मूल्य योग्य धरले तर दिसून येईल की एक-दोन विणींची जबाबदार पैदास हा पैसे मिळविण्याचा मार्ग नाही. ती हौस आहे आणि हौसेला खर्च येतो. ज्या घराला ती झेपत नाही त्याने ती करू नये. झेपणारी घरे, माझ्या अंदाजाने, थोडीच निघतील.

त्यात 'मादीला एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, नाहीतर तिला रोग होतात' हा समज आड येतो. बाईचे बाईपण मूल झाल्यावाचून पुरे होत नाही, हा आपला जुना आग्रहच येथे कुत्रीवर लादलेला दिसतो. पशुवैद्यक त्याच्या नेमके उलट सांगते: वेळेवर शस्त्रक्रिया केलेल्या मादीला स्तनांच्या गाठींचा संभव पुष्कळ कमी होतो आणि गर्भाशयात पू होण्याचा, म्हणजे उतारवयातल्या एका मोठ्या मरणकारणाचा, प्रश्नच उरत नाही.

आता कायद्याकडे पाहू. २०१७ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे व विक्रीचे नियम जारी केले. त्याआधी, २०१६ मध्ये, व्यापारी पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणण्यास बंदी घातली गेली होती. साहजिकच मागणीचा सारा भार देशातील माद्यांवर आला होता. नव्या नियमांप्रमाणे पैदास करून विकणाऱ्याने राज्याच्या जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची आहे. मादी अठरा महिन्यांची झाल्याशिवाय तिची पैदास नाही, वर्षात एकाहून अधिक वीण नाही, आयुष्यात पाचांहून अधिक नाहीत, आठ वर्षांनंतर मुळीच नाही, आणि आठ आठवड्यांच्या आतील पिलाची विक्री नाही. नियम चांगले आहेत. दोष त्यांच्या मापात आहे. नोंदणीचे शुल्क पाच हजार रुपये; त्याबरोबर तपासणी, नोंदवह्या, मंडळाशी पत्रव्यवहार. शंभर पिंजऱ्यांच्या मालकाला ही रक्कम किरकोळ, आणि आयुष्यात एकदा चार पिल्ले होणाऱ्या कुटुंबाला ती दंडासारखी. मग ते कुटुंब काय करते? विकते, पण विकले म्हणत नाही. 'दत्तक दिले, खाण्यापिण्याचा खर्च घेतला' अशी भाषा जन्माला येते. जो प्रामाणिकपणे आई दाखवू शकला असता तोच दार लावून घेतो, आणि दार लावून घेतल्यावर त्याच्यात आणि दलालात बाहेरून फरक दिसत नाही. ॲकरलॉफचा बाजार कायद्यानेच पुरा होतो.

गिरणगावाने याहून बरा मार्ग एकदा पाहिलेला आहे. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया वर्षानुवर्षे घरातच राबत होत्या. घरगुती असल्यामुळेच त्या कोणाच्या खिजगणतीत नव्हत्या आणि सावकाराच्या तावडीत होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, बायांची नोंद झाली, आणि राष्ट्रीयीकृत बँकांनी त्यांना कर्जे दिली. घरातला धंदा घरातच राहिला, फक्त उजेडात आला. कुत्र्यांची तुलना खाणावळवालीशी केल्याबद्दल कोणी रागावू नये. तुलना घराच्या अर्थव्यवस्थेची आहे. उजेडात येण्यात फायदा असेल तरच माणसे उजेडात येतात.

मुंबईत पाळीव कुत्र्याचा परवाना महापालिकेकडून घ्यावाच लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला जोडावा लागतो. लोअर परळ महापालिकेच्या 'जी दक्षिण' विभागात येते. एक किंवा दोन माद्या असलेल्या घरासाठी स्वतंत्र, नाममात्र शुल्काची नोंदणी या परवान्याशीच जोडावी असे मला वाटते. परवान्यावर मादीच्या विणींचा रकाना असावा: तारीख, पिलांची संख्या, जोडीपूर्वी पशुवैद्याने तपासल्याची सही. पिलू घेणाऱ्याला त्या परवान्याची प्रत मिळावी आणि त्याचा नवा परवाना आईच्या क्रमांकावरून निघावा. क्रमांक नसलेल्या आईच्या पिलाला परवान्यासाठी जास्त शुल्क पडावे, आणि रस्त्यावरून उचललेल्या वा आश्रयगृहातून आणलेल्या पिलाला मुळीच पडू नये. यासाठी केंद्राच्या नियमांत लहान दुरुस्ती लागेल. राज्य मंडळाचे काम त्याने हलके होईल, वाढणार नाही, आणि त्याला आपले लक्ष पिंजऱ्यांच्या रांगांकडे देता येईल.

यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप येतील. गृहस्थ म्हणतील, आता पिलांच्या जन्माचेही दाखले काय? होय, माणसाच्या पोराचा दाखला आपण याच विभाग कार्यालयातून काढतो. प्राणिमित्र म्हणतील, रस्त्यावर इतकी कुत्री असताना आणखी पैदास हवीच कशाला? २०१४ च्या गणनेत मुंबईच्या रस्त्यांवर पंचाण्णव हजारांच्या घरात कुत्री होती. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. चाळीच्या आवारातील गावठी पिलू या हवेत जन्मलेले असते, त्याचे नाक पुरेसे लांब असते, आणि ज्याला केवळ सोबत हवी त्याने तेच घरी आणावे असेच मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगेन. परंतु पाच किलोंचाच कुत्रा हवा असणारा पेन्शनर आणि चौदाव्या मजल्यावरची एकटी म्हातारी ही माणसेही या शहरात आहेत. त्यांची मागणी उपदेशाने नाहीशी होत नाही. ती डोळ्यांआड केली तर दलालाकडे जाते, एवढेच.

घेणाऱ्याच्या हातात मात्र नियम बदलण्याची वाट न पाहता करण्याजोगे काही आहे. आठ आठवड्यांच्या आत पिलू घेऊ नये. आई तिच्या घरात पाहावी. बाप तेथे नसेल तर तो कोणाचा व आईशी त्याचे नाते काय, ते विचारावे. लसीचा क्रम सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतो, तो कोठवर आला हे पशुवैद्याच्या नावानिशी लिहून घ्यावे. या शहराच्या पावसात उंदरांमुळे पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस त्यात धरावी. आणि देणाऱ्याकडून एक अट कागदावर घ्यावी: पुढे केव्हाही, दहा वर्षांनीदेखील, या घराला कुत्रे सांभाळणे अशक्य झाले तर जन्मघर ते परत घेईल. जो ही अट मान्य करतो तो चार पिल्ले होण्याआधी चार वेळा विचार करतो, कारण पिलाच्या साऱ्या आयुष्याची जोखीम त्याच्या वहीत राहते. जन्मघर स्वतःच ही अट पुढे करीत असेल, उलट घेणाऱ्यालाच घरात दिवसभर कोण असते, घर भाड्याचे की मालकीचे, गणपतीला गावी गेल्यावर कुत्र्याचे काय, असे विचारून भंडावत असेल, तर त्या प्रश्नांचा राग मानू नये.

राहता राहिली मादी. पाच विणी झाल्या, किंवा आठ वर्षे पुरी झाली, की नियमाने तिचे काम संपते; लहान जातीची असल्याने तिचे आयुष्य मात्र आणखी पाच-सात वर्षे बाकी असते. पिंजऱ्यातील पैदाशीच्या जमाखर्चात ही वर्षे निव्वळ खर्चाची, आणि तो खर्च कसा टाळला जातो हे कोणी लिहून ठेवीत नाही. म्हणून पिलू पाहावयास जाणाऱ्याने आताच्या आईबरोबर आधीच्या आईचीही चौकशी करावी. तीन-चार वर्षांपूर्वी ज्या कुत्रीची पिल्ले या घराने दिली, ती आज कोठे आहे? दार उघडणाऱ्याच्या पायांत ती घोटाळत असेल, डोळ्यांत थोडा मोतीबिंदू घेऊन पाहुण्याच्या चपला हुंगत असेल, तर आत जाऊन बसावे आणि किंमतीचे बोलणे मग करावे.